कंपनीच्या शिक्क्यातला हात

कार्तिक लागला की रस्त्याकडेला मळणीचं यंत्र उभं राहतं आणि त्याचं भूस उडून आमच्या ओट्यावर येतं. मी दार लावून घेते. लोकांना हा वास आवडतो म्हणे. पुण्याकडून गाड्यांतून येणारे काचा खाली करतात आणि नाक वर करून वास घेतात. त्यांनी एकदा उघड्या मानेवरून भाताचे भारे वाहावेत. कुसळं गळ्यात उतरतात, घामानं चिकटतात, आणि अंघोळ केली तरी अंग चावत राहतं. मला त्या वासात खाज तेवढी आठवते.

यंदा अशीच दार लावून बसले होते, तर नातीनं मोबाइल पुढं केला. जुन्या कंपन्यांचे शिक्के कुणी हौशानं एकापुढं एक लावून ठेवले आहेत. पूर्वी पडद्यावर काही सुरू व्हायच्या आधी ज्याचा माल त्याचं चित्र यायचं, ते शिक्के. खाली माणसांनी लिहिलंय की बालपण आठवलं, डोळ्यांत पाणी आलं. शिक्क्यासाठी रडणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली.

"आजी, ही बघ सूपवाली बाई," नात म्हणाली.

गोलात एक काळी बाई, हातात सूप, मागं उजेड. सुपातून धान्य पडतंय आणि भूस धुरासारखं एका बाजूला जातंय. खाली लिहिलं होतं, कंपनीचा दुसरा शिक्का, बाई कोण ते माहीत नाही.

"मी आहे ती," मी म्हटलं.

नात हसली. तिला वाटलं, म्हातारी चेष्टा करते. मी चेष्टा करत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी हसली.

आणि तो दुसरा नाही, तिसरा आहे. पहिली होती घंटा. मग मी आले, पण गोलात नाही, पूर्ण चौकटीत. मग गोल. मग मला काढून फिरता पृथ्वीचा गोळा लावला. ती चौकट या हौशांना सापडलेली नाही. सापडणार पण नाही. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. तिची पुष्कळ जाहिरात माझ्या अंगावर झाली आहे, तेवढी पुरे.

कंपनीचा धंदा असा होता की स्वतःचं दुकान नाही. शेतीवर, आरोग्यावर, कुठल्या जत्रेवर छोटे छोटे बोलपट काढायचे आणि दुसऱ्याच्या दुकानात ठेवायचे. आधी ते थिएटरात मुख्य खेळाच्या अगोदर लागत, नाहीतर सरकारी गाडी गावात येऊन पांढऱ्या चादरीवर दाखवी. मग मुंबईत टीव्ही आला, पाठोपाठ पुण्याला दिसू लागला, तेव्हा कंपनीनं तोच माल तिथं पुरवला. माल कुठंही जावो, पुड्यावर चित्र आपलं. तंबाखूवाले करतात तसं.

आमचं गाव पवन मावळात, तिकोन्याच्या पायथ्याशी. आता पाण्यात आहे. पवनानगरला लोक तंबू ठोकून राहतात आणि सकाळी उठून पाण्याचे फोटो काढतात. ज्याचा फोटो काढतात त्याच्या तळाला आमची चूल आहे. मी सांगायला जात नाही. सांगितलं तर म्हणतात, हो का, किती छान.

त्या साली धरणाची भिंत बरीच वर आली होती. पुढच्या पावसाळ्यानंतर इथं पीक घ्यायचं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी आंबेमोहर असा आला होता की बांधावरनं चालताना लोंब्या मांडीला लागत. मामंजी, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी जाऊन बघायचे आणि परत येऊन शिव्या द्यायचे. भाताला द्यायचे. एवढी वर्षं कुठं होतास, म्हणायचे.

खळं आम्ही तरी नेहमीसारखं केलं. जमीन चोपली, शेणानं सारवली, पायताण बाहेर काढून आत गेलो. झोडणी झाली, आणि वारं द्यायच्या दिवशी कंपनीची जीप आली. एक साहेब, गॉगल लावलेला, आणि दोन माणसं, पेटारे घेऊन. धरणाखाली जाणाऱ्या खोऱ्यातली शेवटची सुगी, असं काहीतरी त्यांना काढायचं होतं. साहेब बुटासकट खळ्यात आला. मामंजी म्हणाले, "सायेब, पायताण." साहेब म्हणाला, "हो, हो," आणि तसाच उभा राहिला.

आमच्याकडं वारं द्यायची रीत अशी. गडी तिवईवर, म्हणजे तीन पायांच्या उंच घडवंचीवर चढतो. बाई खालून सूप भरून वर देते. गडी वरनं सूप हलवत धान्य सोडतो, वारा भूस उडवून नेतो, खाली रास पडते. बाई तिवईवर चढत नाही. चढली तर रास रुसते आणि धान्याला बरकत राहत नाही.

माझा नवरा चढला होता. साहेब म्हणाला, "याला उतरवा. बाई पाहिजे वर. पुरुषाकडे कोण बघतंय?"

"आमच्यात बाई वर चढत न्हाई," मामंजी म्हणाले. "रास रुसती."

"आबा, एवढ्यापुरतंच हो."

मामंजींनी एकदा धरणाच्या बाजूला बघितलं. "शेवटचीच रास हाय," ते म्हणाले. "रुसून जाईल कुटं? चढवा कुनाला चढवायचं ते."

माझी नणंद तानू लगेच पुढं झाली. लग्नाची पोर, पण झाडावर चढायची, म्हशीवर बसायची. "मी चढते. वैनीला भ्या वाटतं उंचावर."

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, तिचा दंड धरला. "माजी लेक चढणार न्हाई. तिचं लगीन व्हायचंय. लोक काय म्हंतील? सुनेला चढवा."

"आये, मी चढते की."

"तू गप सूप भर."

रुसलेल्या राशीचा दोष लेकीवर नको, सुनेवर चालेल. मला त्यात नवल वाटलं नाही. त्या घरात दूध नासलं तरी ते माझ्या नजरेनं नासायचं. मी चढले. भीती मला खरंच वाटत होती. तिवईचा एक पाय हलत होता.

साहेबानं सांगितलं हसा. मी हसले नाही. पदर सोडा म्हणाला, मी खोचून घेतला. शेवटी त्यानं यंत्र असं लावलं की सूर्य माझ्या मागं आला आणि तोंड काळं पडलं. खालून तानू सूप देत होती. "वैनी, कावळ्यावानी दिसतीस," म्हणत होती, आणि मी सूप घेताना मुद्दाम मागं ओढल्यासारखं करून मला दचकवत होती. एक सूप झालं, की साहेब म्हणायचा, परत. वारा बरोबर नव्हता, परत. ढग आला, परत. भूस संपत आलं तसा त्याचा एक माणूस बाजूला पडलेलं भूस टोपलीनं उचलून साफ झालेल्या राशीवर ओतू लागला.

"आरं मुडद्या," आत्याबाई म्हणाल्या, "डोळं फुटलं का तुजं? साफ भात हाय त्यो."

माणूस हसला आणि साहेबाला म्हणाला, "काय गोड भाषा आहे नाही इथली?"

जीप गेली. आम्ही तीच रास दुसऱ्यांदा वारवली. कंपनीनं तसं नीट कुणाला विचारलं नाही, आणि चित्राचं पुढं काय करणार तेही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. लग्नातला फोटोवाला सांगतो का कधी, काय करणार ते.

तानूचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. आंदर मावळात दिली. बस जात नव्हती, डोंगर चढून जायचं. पावसाळ्यात तिला कावीळ झाली. सासरच्यांनी पाला वाटून दिला, अंगारा लावला, आणि ती माणसं ओळखेनाशी झाली तेव्हा निरोप धाडला. आत्याबाई चालत गेल्या. पोचल्या तेव्हा आटोपलेलं होतं. तिची अशी एकही वस्तू परत आली नाही की जी बघून कुणी म्हणावं, ही तानूची. लुगडी जावांनी वाटून घेतली. फोटो नव्हता. आमच्यात तेव्हा फोटो कोण काढायचं?

माणसं म्हणतात, दुःखानं माणूस मऊ होतं. आत्याबाई झाल्या नाहीत. आधी मला शिव्या देताना मध्ये श्वास घ्यायच्या, आता तोही घेईनात. मीही काही मऊ झाले नाही. तानू मला आवडायची, पण तिच्या वाटणीचं काम माझ्यावर आलं होतं आणि रडायला बसणाऱ्याला भाकरी कोण करून घालणार, हा प्रश्न रोजचा होता.

पाणी चढलं तसे आम्ही उठलो आणि मामेसासऱ्यांच्या आसऱ्यानं वाकसईजवळ आलो. मामंजी पहिल्याच वर्षी गेले. नवरा मिळेल त्याच्या शेतात राबायला लागला, आणि मी लोणावळ्यात एका बंगल्यात धुण्याभांड्याला लागले. बंगल्याच्या मालकीणबाई मुंबईच्या, पण दम्यामुळं बारा महिने तिथंच असायच्या. त्यांच्या मुलानं टीव्ही आणून दिला. लाकडाची पेटी, तिला सरकती दारं, आणि छपरावर बांबूसारखा उंच खांब. घाटातला वारा खांब हलवायचा आणि पेटीतली माणसं वाकडी व्हायची. बाई काहीही लागलं तरी बघत. शेतीचा कार्यक्रमसुद्धा. घरात कुंडीपलीकडं शेती नव्हती.

त्या शेतीच्या कार्यक्रमाच्या वेळी मी एकदा संध्याकाळची थांबून फरशी पुसत होते. वर बघितलं तर मी. तिवई, सूप, मागं तिकोन्याचा कोपरा. वाजंत्री वाजली, माझ्या अंगावरून कंपनीचं नाव सरकत गेलं, आणि खतांची माहिती सुरू झाली.

"ती मी," मी म्हटलं.

"काय ग?"

"आत्ता गेली ती सूपवाली बाई. मीच हाय."

बाई हसल्या. "अगं, अशा बायका सगळ्याच गावात असतात. कोपरा राहिलाय बघ पुसायचा."

मी कोपरा पुसला. घरी येऊन सांगितलं, ते नवऱ्याला. आत्याबाई चुलीशी होत्या, त्यांनी मान वर केली नाही. पण पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. "मला दाव," म्हणाल्या.

बाईंनी येऊ दिलं. दिवाणखान्यात नाही, दाराच्या उंबऱ्याबाहेर. तिथून पेटी तिरकी दिसायची. शिक्का आला आणि गेला. आत्याबाई उठल्या, पदर सारखा केला आणि चालू लागल्या. त्यानंतर दर आठवड्याला हेच. कधी कंपनीचा बोलपट असायचा, कधी नसायचा. नसला की वाकसई ते लोणावळा पायपीट फुकट. शिक्क्यानंतरचं त्यांनी कधी बघितलं नाही. दिवसभराचं काम करून घरी आलेली मी त्यांना घेऊन परत तेवढंच चालायची, पाय दुखायचे, आणि बाईंचा स्वैपाकी आम्हांला बघून म्हणायचा, "आल्या नटीच्या सासूबाई."

मी मूर्ख. मला वाटलं, ही बाई इतक्या वर्षांनी सुनेला बघायला येते. एकदा परतताना मी विचारलं, "आत्याबाई, मी बरी दिसते का त्यात?"

त्या थांबल्या. "तुला कोन बगतंय?" म्हणाल्या. "खाली तानूचा हात हाय."

पुढच्या आठवड्यात मी बघितलं. खालच्या उजव्या कोपऱ्यातून एक हात वर येतो, सूप देतो, आणि जातो. मनगटाला भैरोबाचा काळा दोरा, बांगड्या कोपराकडं घसरलेल्या. सूप सोडायच्या आधी हात जरा मागं ओढल्यासारखा होतो. मला दचकवत होती तो क्षण. मी आजवर वर बघत होते, स्वतःकडं. आत्याबाई खाली बघत होत्या.

मला दया आली असं कुणी समजू नये. मला राग आला. तिवईवर ती चढली असती तर आज सगळी दिसली असती, डोक्यापासून पायापर्यंत. पुढं एकदा भांडण झालं, कशावरून ते आठवत नाही, मिठावरून असेल, तेव्हा मी हेच तोंडावर म्हटलं. "लेक चढणार न्हाई, सुनेला चढवा, आसं तुमीच म्हनला हुता." आत्याबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "व्हय," म्हणाल्या. "मीच म्हनलं." आणि मग परत भांडं घेऊन मीठ घातलं.

मग शिक्का बदलला. पुन्हा सुगी आली होती, वाकसईच्या खळ्यांवर झोडणी चालू होती, आणि आम्ही कुणाच्या तरी खळ्यावर मजुरीनं काम करून बंगल्यावर गेलो होतो. वाजंत्री तीच, पण चौकटीऐवजी गोल. गोलात मी, कमरेपासून वर. भोवती कंपनीचं नाव, माळेसारखं. कोपरे काळे.

"हे काय?" आत्याबाई म्हणाल्या.

"गोल केलंय."

"हात कुटं हाय?"

मालकीणबाईंना वाटलं, त्या चित्राचं कौतुक करताहेत. "आता किती आटोपशीर दिसतंय नाही?" त्या म्हणाल्या. "आधी फार पसारा होता."

मला वाटलं, सुटले. पण पुढच्या आठवड्यात आत्याबाई लुगडं नेसून तयार. "येकांद्या बारीला जुना लावत्याल," म्हणाल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. मी काळी बाई गोलात धान्य पाडत राहिले, आणि आम्ही दोघी उंबऱ्याबाहेर बसून ते बघत राहिलो. मला माझाच वीट आला. इतका, की देवळातल्या भिंतीवर सुपाचं चित्र दिसलं तरी मी तोंड फिरवायची.

त्याच हंगामात कंपनीचा साहेब लोणावळ्यात आला. तलावाकाठी त्यांचं काही काम चाललं होतं आणि तो मालकीणबाईंच्या मुलाच्या ओळखीनं बंगल्यावर चहाला आला. गॉगल गेला होता, पोट आलं होतं. चहा मीच नेला. कप ठेवला आणि तिथंच उभी राहिले.

"सायेब, तुमच्या शिक्क्यात सूप देनारा हात हुता. तो परत घाला."

बाई म्हणाल्या, "अगं, काय हे? आत जा."

साहेबाला गंमत वाटली. "कोणता हात?"

"खालच्या कोपऱ्यातला. चित्र गोल केलं तवा गेला तो."

"अच्छा, तो." तो बाईंकडं वळून सांगू लागला. "तो चुकून आला होता हो. मधेच कुणाचा तरी हात. आमच्या माणसांनी त्यावरून किती बोलणी खाल्लीत. म्हणून तर गोल केलं."

"चुकून न्हाई. खालनं सूप दिल्याबिगर वर सूप येईल कसं?"

"हो, पण बघणाऱ्याला त्याचं काय?"

"ती माजी ननंद हाय. मेली. तिचा दुसरा फोटो न्हाई. आनि वरची बाई मी."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही? ती बाई चांगली उंच होती."

"तिवईवर हुते."

यावर बाई हसल्या, साहेबही हसला. मग तो जरा बरा बोलला. म्हणाला, जुनी फिल्म राहिलेली नाही, बारीक तुकडे कोण जपून ठेवतं, गोदामात जागा कुठं असते. मुंबईला या, तुमचा गोलातला फोटो मोठा करून देऊ, घरात लावा. मी म्हटलं, "मला माजं थोबाड नगं." कप उचलला आणि आत गेले. बाईंनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मला तेवढीच शांतता.

घरी आले तर आत्याबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. साहेब आलता. हाताचं इचारलं. म्हनाला, तो चुकून आलता. फिल्म टाकून दिलीया. आता परत येनार न्हाई.

खोटं सांगायचं माझ्या मनात आलं नाही. खोटं सांगितलं असतं तर अजून वर्षभर चालावं लागलं असतं.

आत्याबाई खडा काढत होत्या. काढून झाल्यावर म्हणाल्या, "तुला इचारायला कुनी सांगितलं हुतं?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"मग का इचारलंस? म्या इचारलं हुतं का कुनाला?"

एवढंच. शिव्या नाहीत. ताट घेऊन आत गेल्या. मला वाटलं होतं, माझे पाय वाचले. कंपनीवर मी त्या दिवशी जेवढी चिडले तेवढी धरणाच्या पाण्यावरही चिडले नव्हते. पाण्यानं घर घेतलं, पण ते घेताना छान दिसावं म्हणून नाही घेतलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी घरी मुद्दाम मागच्या दारी भांडी पसरून बसले. आत्याबाई आल्या. धुतलेलं लुगडं, केस पाण्यानं चापलेले.

"चल."

"तितं आता काय न्हाई."

"ठावं हाय. चल."

उशीर झाला होता. उंबऱ्याशी स्वैपाक्याचे पाहुणे बसले होते, आम्हांला पार कडेला जागा मिळाली. वाजंत्री वाजली. गोल आला, गोलात मी आले. मी स्वतःकडं बघितलं नाही, आत्याबाईंकडं बघितलं. त्यांची नजर गोलाच्या खाली होती, उजवीकडं, जिथं काच संपते त्याच्याही खाली. मान किंचित वाकवून, खाली काहीतरी अडकलंय आणि आता वर येईल अशा बेतानं बघत होत्या. मीही तिथं बघितलं. पेटीचं लाकूड होतं.

नाव सरकून गेलं. बियाण्यांची माहिती सुरू झाली. आत्याबाई उठल्या, पदर सारखा केला. रस्त्याला लागल्यावर म्हणाल्या, "फुडल्या बारीला बिगीनं निगू. आज लय कडंला बसाया लागलं. कोपरा नीट दिसला न्हाई."